पोलादाची साडेसाती

एखादा उद्योग यशस्वी झाला म्हणजे त्याचा इतिहास लिहिणारास एक मोह अनावर होतो. ज्यांनीं आरंभीं त्या उद्योगावर विश्वास ठेवला ते सारे द्रष्टे आणि ज्यांनीं शंका काढल्या ते सारे करंटे, अशा दोन रांगा लावून तो मोकळा होतो. शेवट ठाऊक असलेल्या माणसाला हें सोपें असतें. परंतु ज्या दिवशीं शेवट कोणासच ठाऊक नव्हता, त्या दिवशीं त्या दोन रांगांतील माणसें काय पाहत होतीं, कोणते आंकडे मांडत होतीं, आणि त्यांपैकीं कोणाचा हिशेब कोठवर बरोबर होता, हें तपासल्यावांचून इतिहासाचा खरा उपयोग होत नाहीं. या दृष्टीनें आपल्या देशांतील एका प्रसंगाचा विचार येथें करावयाचा आहे. तो प्रसंग म्हणजे टाटांच्या लोखंड-पोलादाच्या कंपनीवर १९२२ पासून पुढें कांहीं वर्षें आलेलें संकट, आणि त्या वेळीं ‘हा कारखाना माल काढील काय, व नफा देईल काय’ या प्रश्नावर झालेला वाद.

कारखान्याची कल्पना जमशेटजी टाटा यांची. परंतु १९०४ च्या मे महिन्यांत ते वारले, तेव्हां भट्टीची जागासुद्धां ठरलेली नव्हती. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनीं मयूरभंज संस्थानांतील उत्तम खनिज लोखंडाची वार्ता त्यांस पत्रानें कळविली होती. गुरुमहिषाणीच्या डोंगरांतील त्या खनिजांत शेंकडा साठांहून अधिक लोखंड निघे, आणि झरियाचा दगडी कोळसाही फार दूर नव्हता. निसर्गानें असें ताट वाढून ठेवलेलें असतांना उणीव होती ती पैशाची. जमशेटजींचे पुत्र दोराबजी भांडवलासाठीं प्रथम लंडनास गेले. तेथें पैशाची टंचाई होती आणि हिंदुस्थानांतील माणसें पोलाद करतील या गोष्टीवर विश्वास त्याहून दुर्मिळ होता. तेव्हां मुंबईसच भांडवल उभारण्याचें ठरलें, आणि १९०७ सालच्या ऑगस्टमध्यें कंपनीची नोंदणी झाली.

ते स्वदेशीचे दिवस होते. कंपनीच्या मुंबईच्या कचेरीपुढें सकाळपासून रात्रीपर्यंत माणसांची रीघ लागली, आणि अवघ्या तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनीं सर्व भांडवल भरून टाकलें. त्याची एकूण रक्कम २ कोटि ३१ लक्ष ७५ हजार रुपये होती. पुढें चालू खर्चासाठीं चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढण्यांत आले, ते ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनीं एकट्यानें उचलले. संस्थानिकापासून कारकुनापर्यंत सर्वांचा हात या कामास लागला होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या भांडवलाची रचना नीट ध्यानांत घेतली पाहिजे, कारण पुढील वादाचें अर्धें मूळ तींत आहे. भाग तीन प्रकारचे होते. १५० रुपयांचे ५० हजार भाग अग्रहक्काचे. नफा झाला तर त्यांचा ठराविक वांटा आधीं द्यावयाचा. ७५ रुपयांचे २ लाख भाग साधारण. आणि ३० रुपयांचे अवघे साडेबावीस हजार भाग ‘डिफर्ड’, म्हणजे सर्वांच्या मागून जेवावयास बसणारे. या शेवटच्यांचें वैशिष्ट्य असें कीं, बाकीच्यांस ठरल्याप्रमाणें वाढून झाल्यावर जें उरेल त्यांत त्यांचा मोठा वांटा. भाग थोडे, त्यामुळें नफा जरा वाढला कीं प्रत्येक भागामागें मिळणारी रक्कम कितीतरी पटींनीं वाढे. आणि नफा जरा घटला कीं ती शून्यावर येई. सट्टेवाल्याला याहून मनाजोगें खेळणें कोणतें मिळणार? ‘टाटा डिफर्ड’ हें नांव दलाल स्ट्रीटवर पुढें घरोघरच्या देवासारखें झालें, तें याच कारणानें.

सांकची गांवीं १९११ च्या डिसेंबरांत पहिलें बीड ओतलें गेलें व १९१२ च्या फेब्रुवारींत पहिलें पोलाद निघालें. ‘टाटांनीं खरोखरच रूळ केले तर त्यांतील प्रत्येक पौंड मी खाऊन दाखवीन,’ असें रेल्वेचे एक बडे अधिकारी सर फ्रेडरिक अपकॉट म्हणाले होते, अशी आख्यायिका आहे. त्यांच्यावर तो प्रसंग आला नाहीं, पण रूळ मात्र झाले. आणि १९१४ सालीं महायुद्ध पेटल्यावर तेच रूळ मेसापोटेमिया, ईजिप्त, पॅलेस्टाइन व पूर्व आफ्रिका येथें सैन्यापुढें पसरले. परदेशचा माल येणें थांबलें. जें निघेल तें विकलें जाऊं लागलें. १९१९ च्या जानेवारींत व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांनीं सांकचीस येऊन त्या गांवाचें जमशेदपूर असें नामकरण केलें. भागधारकांस भरघोस वांटा मिळाला, भागांचे भाव चढले, आणि ज्यांचा पोलादाशीं कधीं संबंध आला नव्हता अशीं माणसेंही डिफर्डच्या भावाची सकाळीं चौकशी करूं लागलीं. मुंबईच्या बाजारांतील त्या काळची सट्टेबाजी इतकी बेफाम झाली कीं, १९२३ सालीं सरकारला ॲटले समिति नेमून चौकशी करावी लागली व १९२५ सालीं त्यासाठीं निराळा कायदा करावा लागला.

युद्धकाळींच चालकांनीं एक मोठा निर्णय घेतला. कारखाना कितीतरी पटींनीं वाढवावयाचा. नव्या झोतभट्ट्या, पोलाद करण्याची नवी पद्धति, पत्रे व सळया लाटण्याच्या नव्या गिरण्या उभारावयाच्या. मागणी अपार होती, तेव्हां हा निर्णय वेडेपणाचा म्हणतां येत नाहीं. परंतु यंत्रें परदेशाहून आणावयाचीं, तीं वेळेवर मिळेनात. जीं मिळालीं तीं दुपटी-तिपटीनें महाग. आणि तीं बसून चालू होईपर्यंत युद्ध संपून बाजार उलटला होता. महागाईंत घर बांधावयास घ्यावें आणि स्वस्ताई आल्यावर तें भाड्यानें देण्याची पाळी यावी, तसें झालें. बेल्जममधील नाण्याची किंमत उतरल्यामुळें तेथील पोलाद मातीमोलानें येऊं लागलें. इकडे रुपयाचा हुंडणावळीचा भाव चढत गेला, तसा परदेशी माल आणखीच स्वस्त झाला. बिडाचें मोठें गिऱ्हाईक जपान; तेथें १९२३ च्या सप्टेंबरांत भयंकर धरणीकंप झाला. मजुरांचे संप १९२० व १९२२ सालीं होऊन गेले होते. साडेसाती म्हणतात ती याहून निराळी नसते; एकेक संकट सोसण्याजोगें असतें, पण तीं सारीं हातांत हात घालून येतात.

अशा स्थितींत भागधारकांत दोन पक्ष पडले, यांत नवल नाहीं. आज आपण निराशावाद्यांचें म्हणणें आधीं ऐकूं, कारण इतिहासांत त्यांस बोलूं देण्याची चाल नाहीं.

त्यांचें म्हणणें असें. कारखान्यावर कोट्यवधि रुपये खर्च झाले आहेत, ते महागाईच्या भावानें. यंत्रांची आजची किंमत त्याच्या निम्मीही नाहीं. म्हणजे जमाखर्चांत जें भांडवल दिसतें तें खरें भांडवल नव्हे. त्याच्यावर नफा मिळण्याची आशा धरणें म्हणजे वाळूंतून तेल काढणें होय. परदेशचे तज्ज्ञ मोठमोठ्या पगारांवर ठेवलेले आहेत. माल अमक्या सालीं इतका निघेल असें जें जें सांगितलें गेलें तें तें मागें पडत गेलें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, सळयांचा एक टन देशांत परवडण्यास १८० रुपये यावे लागतात, तर परदेशची सळई १४० रुपयांत बंदरावर उतरते. टनामागें ४० रुपयांची ही खिंड कोण बुजविणार? उत्पादन वाढविलें तर तोटाच वाढेल. हे आंकडे बाजारगप्पांतले नव्हते. सरकारनें नेमलेल्या जकातमंडळानेंच पुढें ते आपल्या हिशेबांत धरले.

आशावाद्यांचें उत्तरही केवळ स्वदेशाभिमानाचें नव्हतें. ते म्हणत कीं, तुम्ही आजच्या टनाचा खर्च पाहतां, आम्ही उद्यांच्या टनाचा पाहतों. व्याज, घसारा, अधिकाऱ्यांचे पगार या खर्चाची एकूण रक्कम दीड लाख टन माल काढला तरी तीच आणि चार लाख टन काढला तरी जवळजवळ तीच. नव्या गिरण्या पूर्ण वेगानें चालूं लागल्या म्हणजे प्रत्येक टनावर पडणारा बोजा अर्ध्याहून कमी होईल. खनिज उत्तम, कोळसा जवळ, बीड तर जगांतील कोणत्याही देशापेक्षां येथें स्वस्त पडतें. तेव्हां पोलाद महाग पडण्याचें कारण निसर्गांत नसून अपुऱ्या उत्पादनांत व अननुभवांत आहे, आणि हीं दोन्हीं कारणें काळानें जाणारीं आहेत.

वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, हे दोन पक्ष परस्परांस खोडून काढीत नव्हतेच. एक वर्तमानकाळीं बोलत होता, दुसरा भविष्यकाळीं. आणि दोघांच्या मध्यें तीन-चार वर्षांची दरी होती. प्रश्न खरा इतकाच होता कीं, ही दरी ओलांडीपर्यंत कारखाना जिवंत राहतो कीं नाहीं.

१९२४ सालीं तो राहत नाहीं असेंच चिन्ह दिसूं लागलें. मजुरांच्या पगारापुरतेही पैसे नाहींत, अशी तार जमशेदपुराहून मुंबईस आली. तेव्हां दोराबजींनीं आपली सुमारे एक कोटि रुपयांची खासगी मालमत्ता इंपीरिअल बँकेकडे गहाण टाकून कर्ज काढलें. तींत त्यांच्या पत्नी मेहरबाई यांचे अलंकार होते, आणि त्या अलंकारांत दोनशें पंचेचाळीस कॅरटांचा प्रसिद्ध ‘जुबिली’ हिराही होता. भागधारकांच्या एका सभेंत कोणी सुचविलें कीं, कारखाना सरकारच्या हवालीं करावा. तेव्हां रतनजी दादाभाई टाटा ताडकन् व्यासपीठावर चढून गरजले कीं, आपण जिवंत आहों तोंवर तो दिवस येणार नाहीं, असें सांगतात. रतनजी १९२६ सालीं वारले. तो दिवस मात्र आला नाहीं.

तथापि केवळ निष्ठेनें टनामागें ४० रुपयांची खिंड बुजत नाहीं. तें काम कायदेमंडळास करावें लागलें. १९२३ च्या जुलैमध्यें सरकारनें पहिलें जकातमंडळ नेमलें होतें. त्याचे अध्यक्ष जॉर्ज रेनी, आणि सभासद पदमजी जिनवाला व पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतील अर्थशास्त्राचे अध्यापक वामन गोविंद काळे. संरक्षण कोणत्या धंद्यास द्यावें याच्या तीन कसोट्या आधींच ठरल्या होत्या: धंद्यास नैसर्गिक अनुकूलता असावी, संरक्षणावांचून तो वाढण्याजोगा नसावा, आणि कालांतरानें संरक्षणावांचून जगाशीं टक्कर देण्यास तो समर्थ व्हावा. पहिल्या दोन कसोट्या पुराव्यानें सिद्ध करतां येतात. तिसरी मात्र भविष्यवाणी आहे. आणि भागधारकांत चाललेला वाद नेमका तिच्याविषयीं होता. म्हणजे जो प्रश्न आतांपर्यंत दलाल स्ट्रीटवर होता, तो तीन जाणत्या माणसांपुढें येऊन बसला. फरक इतकाच कीं, बाजारांत कौल चुकला तर आपला पैसा जातो, येथें चुकला तर साऱ्या देशाचा.

मंडळानें विश्वास ठेवण्याच्या बाजूनें कौल दिला, आणि १९२४ च्या जूनमध्यें पोलाद-संरक्षणाचा कायदा झाला. सळयांवर टनामागें ४० रुपये, इमारती पोलादावर ३० रुपये जकात बसली. रुळांवर जकातीशिवाय सरकारी तिजोरींतून मदतही ठरली. पहिल्या वर्षीं टनामागें ३२ रुपये, दुसऱ्या वर्षीं २६, तिसऱ्या वर्षीं २०. एवढ्यानेंही भागलें नाहीं. कायद्याची शाई वाळते न वाळते तोंच परदेशी पोलादाचे भाव आणखी उतरले, आणि त्याच वर्षीं ५० लाख रुपयांपर्यंत आणखी मदत द्यावी लागली. निराशावादी लोक या वेळीं हंसले असतील तर त्यांस दोष देतां येत नाहीं.

आतां परिणाम पाहूं. १९२३-२४ सालीं तयार पोलाद सुमारे १ लाख ६३ हजार टन निघालें होतें. १९२६-२७ सालीं तेंच सुमारे ३ लाख ८० हजार टनांवर गेलें, आणि टनामागचा खर्चही बराच उतरला. उत्पादनाविषयींचें आशावाद्यांचें भाकीत अशा रीतीनें जवळजवळ शब्दशः खरें ठरलें. मग भागधारक सुखी झाले काय? मुळींच नाहीं. साधारण भागांवर पुढें जवळजवळ एक तप बहुतेक कांहींच वांटा मिळाला नाहीं. निराशावाद्यांचें नफ्याविषयींचें भाकीतही खरें ठरलें! ‘माल निघेल’ म्हणणारे आणि ‘पैसा मिळणार नाहीं’ म्हणणारे, दोघेही जिंकले. आणि ते एकमेकांशीं भांडत राहिले याचें कारण दोघेही दोन निरनिराळ्या प्रश्नांस एकच प्रश्न समजत होते.

या प्रसंगाचा पहिला बोध हाच. नव्या यंत्रविद्येच्या उद्योगासंबंधीं तीन प्रश्न असतात, आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. माल निघेल काय, हा पहिला. याचें उत्तर इंजिनिअर देतो. तो माल खर्चापेक्षां अधिक भावानें विकेल काय, हा दुसरा. याचें उत्तर बाजार, हुंडणावळ, जकात व दूरदेशींचे धरणीकंप मिळून देतात. आणि नफा झालाच तर तो कोणाला व केव्हां मिळेल, हा तिसरा. याचें उत्तर भांडवलाची रचना व कर्जाचे करारनामे देतात. भट्टींतून वाहणारा पोलादाचा लोट पाहून आलेला मनुष्य पहिल्या प्रश्नाचें उत्तर घेऊन येतो आणि तिसऱ्या प्रश्नावर पैसे लावतो. आजही एखाद्या नव्या कंपनीविषयीं दिवाणखान्यांत वाद रंगतो, तेव्हां निम्मा गोंधळ याच घोटाळ्याचा असतो.

दुसरा बोध जरा कडू आहे. ती दरी कोणाच्या पाठीवरून ओलांडली गेली? जकातीमुळें महाग झालेला पत्रा व सळई विकत घेणारा शेतकरी, कारागीर व घर बांधणारा गृहस्थ यांच्या पाठीवरून; आणि मजुरांच्या. मध्यवर्ती कायदेमंडळांत त्या वेळीं नारायण मल्हार जोशी मजुरांचे प्रतिनिधि होते. मजूरपक्षाचा प्रश्न साधा होता कीं, देशाच्या पैशानें धंदा जगवावयाचा तर त्यांत राबणाराचें काय? खर्च उतरविण्याचा एक मार्ग म्हणजे माणसें कमी करणें. कारखान्यांत ती कपात सुरू झाली, आणि १९२८ सालीं कित्येक महिने चाललेला संप पेटला; त्याच्या अखेरीस सुभाषचंद्र बोस यांस मध्यें पडावें लागलें. टनामागचा खर्च उतरला या आनंदाच्या वाक्यांत ही माणसें दडलेलीं आहेत. कारखान्याच्या बाजूनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, आठ तासांचा दिवस त्यानें १९१२ सालींच सुरू केला होता. पण चांगल्या दिवसांतील औदार्य वाईट दिवसांत कमी झालेल्या मजुराच्या घरची चूल पेटवीत नाहीं.

एवढें असूनही देशाचा सौदा फसला असें म्हणतां येणार नाहीं. १९४७ सालीं या धंद्याचें संरक्षण काढून घेण्यांत आलें, कारण त्याची गरज उरली नव्हती. तिसऱ्या कसोटीची भविष्यवाणी खरी ठरण्यास तेवीस वर्षें लागलीं. राष्ट्राच्या आयुष्यांत तेवीस वर्षें म्हणजे कांहींच नव्हेत. परंतु मुलीच्या लग्नासाठीं किंवा म्हातारपणासाठीं पुंजी गुंतविणाऱ्या गृहस्थाच्या आयुष्यांत तेवीस वर्षें म्हणजे सर्वस्व होय. ‘धीर धरणाऱ्याला फळ मिळालें’ हें वाक्य म्हणूनच जपून उच्चारावें. धीर हेंही एक भांडवलच आहे, आणि सर्व भांडवलांप्रमाणें तेंही सर्वांपाशीं सारखें नसतें. ज्याच्यापाशीं गहाण टाकण्यास हिरा होता त्याला थांबतां आलें. ज्याच्यापाशीं त्या भागांवांचून दुसरें कांहीं नव्हतें त्यानें १९२४ सालीं मिळेल त्या भावानें ते विकले, आणि त्याच्या दृष्टीनें तें योग्यच केलें.

मेहरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या, आणि पुढच्याच वर्षीं दोराबजीही गेले. आपली सारी संपत्ति ते विश्वस्तनिधीस देऊन गेले होते. तो हिराही पुढें विकला गेला व त्याचा पैसा त्याच निधीस मिळाला. आणि त्याच निधीनें उभारलेलें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं मुंबईस उघडलें. गहाण पडलेल्या हिऱ्याचा असा पत्ता लागतो. पण १९०७ सालीं त्या कचेरीपुढें रांगेंत उभे राहिलेल्या आठ हजारांपैकीं ज्यांनीं वाईट दिवसांत आपले भाग मोडले, त्यांचा पत्ता कोठेंच लागत नाहीं. कारखान्याच्या पायांत पहिला दगड त्यांचा आहे. त्यांस करंटे म्हणण्याचा अधिकार त्या इमारतीच्या सावलींत बसणाऱ्या कोणासही नाहीं.